माणशी नऊ लिटर पाणी

माळ्यावरच्या कपाटात पाण्याचे दोन पॅक होते. प्रत्येकात दीड लिटरच्या सहा बाटल्या. म्हणजे अठरा लिटर. घरात माणसं तीन.

सरकारी पुस्तिका त्या हिवाळ्यात घरोघर आली होती. वीज, पाणी, इंटरनेट बंद पडलं तर पहिले बहात्तर तास प्रत्येक घराने आपल्या बळावर काढावेत, असं तिच्यात लिहिलेलं होतं. माणशी रोज तीन लिटर पाणी, तीन दिवसांचं नऊ. शिवाय बॅटरीवरचा रेडिओ, टॉर्च, शिट्टी, ब्लँकेट, प्रथमोपचाराची पेटी. न्यूनेन या डच गावातल्या आमच्या गल्लीत बऱ्याच जणांनी ती जाहिरातींबरोबर रद्दीत टाकली. मराठी लोकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तिच्यावर विनोद झाले. कोणी लिहिलं, लोडशेडिंगमध्ये दहावी पास झालेल्यांना बहात्तर तास शिकवू नका. कोणी लिहिलं, आईने पाठवलेल्या भाजणीवर मी जूनपर्यंत तग धरेन.

माझ्या नवऱ्याने ती पुस्तिका हातात पेन घेऊन वाचली.

यात कोणाला काही वावगं वाटलं नाही. तो आइंडहोवनजवळच्या एका कंपनीत यंत्रांच्या देखभालीची वेळापत्रकं तयार करतो. कोणता भाग किती तासांनी बदलायचा, बिघाड झाला तर आधी काय बंद करायचं, हे लिहिणं त्याचं काम. घरातही त्याचं तसंच होतं. धुराच्या अलार्मवर बसवल्याची तारीख चिकटवलेली. पन्हळीतली पानं नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी काढायची. हीटिंगच्या बॉयलरचा दाब दीडच्या खाली आला की पाणी भरायचं. आम्ही पुण्याहून आलो तेव्हा मला घराला इतकं काही लागतं हेच माहीत नव्हतं. पुण्यात बिल्डिंगला सेक्रेटरी होता.

त्याच्याकडे एक पिस्तूल होतं, हेही इथेच सांगायला हवं. पॉइंट टू टू, निशाणेबाजीचं. कॉलेजात एनसीसीमध्ये त्याने रायफल चालवली होती. इथे शेजारच्या घरातले गृहस्थ नेमबाजी क्लबच्या कार्यकारिणीवर होते. ते निवृत्त प्लंबर. मुलगी त्यांना बूरमान म्हणते, म्हणजे शेजारी, आणि आम्हीही तेच म्हणतो. त्यांनी एकदा कुंपणावरून विचारलं, येऊन बघतोस का? तो गेला. आधी वर्षभर क्लबच्याच पिस्तुलांवर सराव, मग अर्ज, मग पोलीस घरी, मग परवाना. परवान्याला दोन वर्षांहून जास्त वेळ लागला. त्याला घाई नव्हती. शुक्रवारी संध्याकाळी तो क्लबमध्ये जायचा, परत यायचा, पिस्तूल साफ करायचा आणि तिजोरीत ठेवायचा.

तिजोरी माळ्यावर, भिंतीला बोल्टने जखडलेली. पिस्तूल वरच्या कप्प्यात, काडतुसं वेगळ्या कुलुपाच्या कप्प्यात. किल्ली फक्त परवाना असलेल्या माणसाकडे. ती कुठे असते हे बायकोलाही माहीत असता कामा नये. मला माहीत नव्हतं. मी कधी शोधली नाही.

परवाना मिळाल्यानंतर पोलिसांचा तपासणीस पहिल्यांदा तपासणीला घरी आला तेव्हा तिजोरीच्या दारासमोर उभा राहून त्याने विचारलं होतं, "हे रक्त आहे?"

दारावर लाल ठिपका होता.

"कुंकू आहे," नवरा म्हणाला. "वर्षातून एक दिवस आम्ही हत्यारांची पूजा करतो."

"पिस्तुलाची?"

"पाना, पंप, लॅपटॉप, सगळ्याची. पिस्तूल उगाच बाहेर काढायचं नाही, म्हणून त्याची पूजा दारावरून."

"म्हणजे देवालाही किल्ली देत नाही तुम्ही."

"देवाकडे परवाना नाही."

तपासणीस हसला होता. त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि खाली येऊन कॉफी घेतली.

ती खंडेनवमी दरवर्षी व्हायची. जेवणाच्या टेबलावर लाल कापड घालून त्यावर पाने, स्क्रू ड्रायव्हर, सायकलचा पंप, टेस्टर, त्याचा लॅपटॉप, माझं लाल पेन. मुलगी तिची हॉकी स्टिक आणून ठेवायची. सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं एकेक फूल. त्या दिवशी हत्याराला विश्रांती, वापरायचं नाही. एका वर्षी नेमका त्याच दिवशी बॉयलरचा दाब उतरला. घर गार पडलं.

"अरे, भर ना पाणी," मी म्हटलं.

"पान्याला आज सुट्टी आहे. स्वेटर घाल."

"आणि आंघोळ?"

"देवांनी कुठे केली आहे आज गरम पाण्याने?"

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्याने पहिलं काम ते केलं. तो असा होता, एवढ्यासाठी हे लिहिलं.

पुस्तिका आली त्याच्या आधीच्या खंडेनवमीला तो म्हणाला, "या वर्षी तू कर." आणि वर जाऊन झोपला. तेव्हा दुपारचे बारा वाजले होते. मी हत्यारं मांडली, मुलीने फुलं ठेवली. तिजोरीच्या दाराला कुंकू मी लावलं.

लोक नंतर कारण विचारतात. एकच एक कारण सांगता येत नाही. त्याची टीम बंद झाली होती, पण त्याला दुसरीकडे जागा मिळाली होती. उन्हाळ्यात त्याची आई गेली होती, पण ती बरेच दिवस आजारी होती आणि तो दोनदा जाऊन आला होता. ऑक्टोबरपासून तो क्लबमध्ये गेला नाही. बूरमान विचारत, तर गुडघा दुखतो म्हणायचा. गुडघा दुखत नव्हता. घरात तो कोणावर ओरडला नाही, त्याने दारू वाढवली नाही, तो कामाला जात होता. फक्त प्रत्येक गोष्टीला त्याला वेळ लागायचा. चहाचा कप उचलायलाही.

मीही ते पाहून घेतलं आणि बाजूला ठेवलं. "जेवलास का?" "झोप झाली का?" हे मी रोज विचारत होते. तो हो म्हणत होता. आमच्या घरात तब्येतीची चौकशी एवढीच असते.

मग पुस्तिका आली आणि तो एकदम कामाला लागला. मला बरं वाटलं. जानेवारीचे सगळे शनिवार त्याने घराला दिले. रेडिओ आणला, शिट्ट्या आणल्या, खोकी भरली. एक जाड वही घेतली आणि घराबद्दल लिहायला बसला. तो एरवी सगळं टाइप करतो, इंग्रजीत. ही वही मराठीत होती, हाताने, शाळेतल्या अक्षरात. मीटरच्या कपाटात गॅसचा कॉक कोणता, पाण्याचा कोणता. वायुवीजनाच्या पंख्याची जाळी कधी धुवायची. खमेंटेचं, म्हणजे नगरपालिकेचं, कोणतं पत्र कोणत्या फाइलमध्ये.

एका शनिवारी त्याने मुलीला बॉयलरजवळ बोलावलं. ती तेव्हा अकरा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर ती डचमध्ये देते.

"ही नळी इथे लाव. आधी नळीत पाणी भरू दे, हवा जाऊ दे. मग फिरव."

"पण हे तर तू करतोस."

"आता तू कर."

"मला पगार काय?"

"काटा दोनच्या पुढे गेला तर पगार कापणार."

"आई, बाबा मला नोकरीवर ठेवतोय आणि आधीच काढून पण टाकतोय!"

ती हसली. तोही हसला. मी भाजी चिरत होते. काटा एक पॉइंट आठवर थांबला. त्याने तिच्याकडून ते दोनदा करून घेतलं.

पाणी मी मोजलं ते त्याच दुपारी. चिवड्याचे आणि मेतकुटाचे डबे खोक्यात ठेवायला मी माळ्यावर गेले होते. दोन पॅक. वहीत बघितलं तर तिथेही "पाणी, १८ लिटर".

पुण्यात एका दैनिकाच्या डेस्कवर मी सात वर्षं काम केलं. आलेल्या बातमीतला आकडा चुकलेला दिसला की तो दुरुस्त करायचा आणि पान पुढे सोडायचं. एवढ्यासाठी बातमीदाराला फोन करत नाहीत. अठरा ही मला बेरजेची चूक वाटली. मी सायकल काढून सुपरमार्केटमध्ये गेले, तिसरा पॅक आणला, कपाटात ठेवला. त्याला सांगितलं नाही. चूक दाखवून त्याला खजील कशाला करा, असा विचार केला. तो हल्ली जरा कुठे सावरत होता.

पुढच्या शनिवारी तिसरा पॅक स्वयंपाकघरात सिंकखाली होता. प्लास्टिक फाडलेलं, एक बाटली उघडलेली.

"हे पाणी खाली का आणलंस?"

"जादा होतं. वापरून टाकू."

"तिघांना सत्तावीस लिटर लागतं."

त्याने माझ्याकडे बघितलं. "बघतो," म्हणाला.

आकड्याच्या बाबतीत तो कधी बघतो म्हणत नाही. हो म्हणतो किंवा नाही म्हणतो.

मी माळ्यावर गेले आणि खोकी उघडली. ब्लँकेट दोन. शिट्ट्या दोन, दोऱ्यात ओवलेल्या. डोक्याला लावायचे टॉर्च दोन, एक लहान मापाला घट्ट केलेला. खोक्यात एकही गोष्ट तीन नव्हती.

सोमवारी तो ऑफिसला गेल्यावर मी वही पहिल्या पानापासून वाचली. एकसष्ट पानं होती. खाडाखोड नव्हती. शेवटच्या पानावर "तिजोरी" असं शीर्षक होतं. खाली लिहिलं होतं:

"किल्ली कुठे आहे हे तुला माहीत नाही आणि तेच बरोबर आहे. शोधू नकोस. पोलिसांना फोन कर, परवान्याचा क्रमांक वहीच्या पुठ्ठ्यावर आहे. ते माणूस पाठवतील. त्यांच्यासमोर तू कशालाही हात लावू नकोस. बूरमानला बोलाव, त्यांना सगळं माहीत असतं. मुलगी त्या वेळी घरात नसावी."

हे पान नियमाला धरून होतं. परवाना असलेला माणूस नसेल तर घरच्यांनी नेमकं हेच करायचं असतं. जबाबदार माणसाने ते लिहून ठेवावं, असं क्लबमध्येही सांगतात. मी ते दोनदा वाचलं. मग वही होती तशी ठेवली.

मी नणंदेला फोन केला. ती साताऱ्याला असते, त्याच्याहून चार वर्षांनी लहान. मी तिला पाण्याचं सांगितलं आणि शेवटच्या पानाचं सांगितलं.

"वहिनी, दादा असं काही करणार नाही."

"मलाही तसंच वाटत होतं."

"तिथे कोणाजवळ बोलू नका हं. पोलिसांत तर नाहीच. एकदा कागदावर आलं की व्हिसा, नोकरी, पोरीची शाळा, सगळ्यात आडवं येईल. लोक काय म्हणतील ते वेगळंच. त्याला इकडे घेऊन या. आपण चांगल्या माणसाला दाखवू."

"तिकिटं काढून येईपर्यंत किल्ली त्याच्याकडेच राहील."

"मग किल्ली काढून घ्या."

"ती कुठे आहे मला माहीत नाही."

"नवऱ्याची वस्तू कुठे आहे ते बायकोला माहीत नाही?" तिने विचारलं. टोमणा मारायचा तिचा हेतू नव्हता. ती रडत होती.

तिचं मी दोन दिवस ऐकलं. सोमवार आणि मंगळवार. हे दोन दिवस माझे आहेत, त्यांचा दोष मी तिच्यावर ठेवत नाही. कागदावर आलं तर काय काय जाईल याची मी मनात यादी केली. परवाना नक्की जाईल. क्लब जाईल. मुलीला कळेल. त्या दोन दिवसांत मी दोन वेळचा स्वयंपाक केला, कपडे धुतले, एका कंपनीचा इंग्रजी अहवाल तपासून पाठवला. त्यात मी एकही चूक सोडली नाही, हे मी नंतर मुद्दाम पाहिलं. भीती वाटत होती का, असं नंतर डॉक्टरांनी विचारलं. काहीही वाटत नव्हतं. तो जिना चढला की मी पायऱ्या मोजत होते. पहिल्या मजल्याला चौदा आणि माळ्याला अकरा. चौदावर थांबला की मी पुढचं काम घेत होते.

बुधवारी सकाळी तो घरून काम करत होता. मुलगी शाळेत होती. बुधवारी शाळा लवकर सुटते आणि त्यानंतर ती मैत्रिणीकडे जाते. साडेदहा वाजता मी मागच्या दारातून कचरा टाकायला गेले. बूरमान शिडीवर चढून त्यांच्या पन्हळीचा जोड तपासत होते.

"गुडघा कसा आहे त्याचा?" त्यांनी वरूनच विचारलं.

"गुडघा चांगला आहे," मी म्हटलं. "दुसरं काहीतरी आहे."

मी त्यांना पाण्याचं सांगितलं. दोन पॅक, माणसं तीन, तिसरा आणला तर खाली आला. शेवटचं पान सांगितलं. माझं डच साधं आहे, त्यामुळे लांबण लागली नाही. बहुतेक चार वाक्यांत झालं.

त्यांनी हातातला पाना खिशात घातला. "किल्ली त्याच्याजवळ आहे?"

"हो."

"तो आता घरात आहे?"

"हो. मीटिंगमध्ये."

ते खाली उतरले. शिडी तशीच भिंतीला लावून ठेवली. एरवी ते शिडी कधी उभी सोडत नाहीत. आमच्या मागच्या दारात त्यांनी बूट काढले आणि ते थेट आत आले. आधी न कळवता ते आमच्या घरात कधी आलेले नव्हते.

नवरा जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप घेऊन बसला होता. त्याने त्यांना पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं आणि मीटिंग बंद केली. बूरमान त्याच्या समोर बसले. मी कॉफीचं यंत्र चालू केलं. काहीतरी चालू करायला हवं होतं.

"तुझी बायको म्हणते, तू घरात दोघांपुरतं पाणी ठेवलं आहेस."

नवऱ्याने लॅपटॉप मिटला.

"मी सरळ विचारतो. तू जीव द्यायचा विचार करतोयस का?"

सात वर्षं डेस्कवर काढून, पुढे पंधरा वर्षं संसार करून मला हा प्रश्न विचारता आला नव्हता. बॉयलरचा दाब किती, या स्वरात बूरमाननी तो विचारला.

कॉफीचं यंत्र थांबलं.

"रोज नाही," नवरा म्हणाला.

"आज?"

"आज माहीत नाही."

"बरं," बूरमान म्हणाले. "मग आज आपण माहीत नाही असंच धरू. किल्ली टेबलावर ठेव."

तो उठला. बूरमानही उठले आणि त्याच्या मागे गेले, पण त्यांनी त्याला हात लावला नाही. बैठकीच्या खोलीत पुस्तकांच्या कपाटावर देवघर आहे. त्यातला गणपती त्याने उचलला. गणपतीच्या पितळी पाटाखाली एक चपटी डबी होती. किल्ली तिच्यात होती. तिथली धूळ मी दर सोमवारी पुसते. गणपती उचलून पाटाखाली बघायचं कधी माझ्या मनात आलं नव्हतं. माझ्या मनात येणार नाही हे त्याला माहीत होतं.

त्याने किल्ली टेबलावर ठेवली. बूरमाननी तिच्यावर आपली टोपी ठेवली.

मग त्यांनी पोलिसांना फोन केला, आणीबाणीच्या नाही, साध्या क्रमांकावर. स्वतःचं नाव, क्लबमधलं काम आणि पत्ता सांगितला. एका सभासदाचं पिस्तूल त्याच्या संमतीने आजच ताब्यात घ्यायचं आहे, तो इथेच बसला आहे, शांत आहे, कोणीही तिजोरीजवळ जाणार नाही. "संमती आहे ना?" त्यांनी फोनवर हात ठेवून त्याला विचारलं. त्याने मान हलवली. "मोठ्याने." "आहे," तो म्हणाला. मी हाउसआर्ट्सच्या, म्हणजे आमच्या नेहमीच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन केला. तिथल्या बाईंनी विचारलं, तातडीचं आहे का? मी हो म्हटलं. त्यांनी तीनची वेळ दिली.

पोलीस येईपर्यंत सव्वा तास गेला. त्या वेळात बूरमान पन्हळीच्या जोडाबद्दल बोलले. नवऱ्याने एकदा त्यांना सिलिकॉनचा प्रकार सुचवला. त्यांनी तो नाकारला आणि का नाकारला ते सविस्तर सांगितलं. कोणी कोणाला धीर दिला नाही.

तोच तपासणीस आला, बरोबर एक पोलीस बाई. साध्या कपड्यांत, साध्या गाडीतून. त्यांनी बूरमानकडून किल्ली घेतली आणि नवऱ्याला खालीच थांबायला सांगितलं. मी वर गेले, पण जिन्याच्या तोंडाशीच थांबले. शेवटच्या पानावर तसंच लिहिलं होतं. पिस्तूल बाहेर आलं, रिकामं असल्याची खात्री झाली, पेटीत गेलं. काडतुसं दुसऱ्या पेटीत. बाईंनी यादी केली. तिजोरीचं दार लावताना तपासणिसाला ठिपका दिसला.

खाली येऊन त्याने पावतीवर नवऱ्याची सही घेतली. मग म्हणाला, "देवाकडे परवाना नाही, असं तुम्ही म्हणाला होतात."

"आता माझ्याकडेही नाही," नवरा म्हणाला.

"ते नंतर ठरेल. आज तुम्ही योग्य केलंत."

"मी काही केलं नाही. हिने पाणी मोजलं."

तीन वाजता आम्ही डॉक्टरांकडे गेलो. त्यांनीही तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारला. त्यानंतर औषध सुरू झालं, दर आठवड्याची भेट सुरू झाली, कोणत्या वेळी कोणाला फोन करायचा याचा कागद फ्रिजवर लागला. कंपनीने रजा दिली. व्हिसाचं काहीही झालं नाही. त्याचा याच्याशी संबंधच नव्हता, हे एका फोनवर कळलं. तो फोन मी सोमवारीही करू शकले असते.

नणंद आठवड्याने आली आणि महिनाभर राहिली. मुलीला आम्ही सांगितलं की बाबा आजारी आहे, मनाचा आजार आहे, डॉक्टर आहेत. "ते मला डिसेंबरमध्येच माहीत होतं," ती म्हणाली, आणि बॉयलरचा काटा बघायला गेली.

दोन आठवडे तो माझ्याशी कामापुरतं बोलला. मग एका सकाळी भांडी पुसताना म्हणाला, "तू माझ्या पाठीमागे त्यांच्याकडे गेलीस."

"हो."

"मला विचारायचं होतंस."

"तू सांगितलं असतंस?"

त्याने हातातला कप पुसून जागेवर ठेवला. दुसरा घेतला. "नाही," तो म्हणाला.

परवाना गेला. त्याने त्यावर दाद मागितली नाही. बूरमान शुक्रवारी क्लबमध्ये जाण्याआधी येतात, दहा मिनिटं बसतात, काहीतरी बिघडलेलं बरोबर आणतात. एकदा टोस्टर आणला होता. मला वाटतं, तो त्यांनी स्वतःच खोलून ठेवला होता.

पुढच्या खंडेनवमीला तो खाली आला. कापड त्यानेच घातलं, पाने ओळीने मांडले. मुलगी कुंकवाची वाटी घेऊन जिना चढायला लागली.

"कुठे?" त्याने विचारलं.

"तिजोरीला."

"अगं, रिकामी आहे ती."

"म्हणून काय झालं," ती म्हणाली. हे मराठीत.

कुंकू लावून ती खाली आली.

बरा झाला का, असं लोक विचारतात. तो निम्मा वेळ कामावर जातो. काही दिवस चांगले असतात. चौदा पायऱ्या मी अजून मोजते, पण त्या मोजताना हातातलं काम थांबत नाही.

पाण्याचं एवढं राहिलं. त्या बुधवारनंतर मी नवा तिसरा पॅक आणून कपाटात ठेवला होता, त्याच्यादेखत. त्याने तो हलवला नाही. वहीत मात्र काही बदललं नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मी जाऊन बघते. तीन पॅक असतात. गेल्या महिन्यात मुलीने सामन्याला जाताना तिसऱ्या पॅकमधली एक बाटली काढून नेली. मी पाच मोजल्या आणि काही बोलले नाही. आता मी लगेच दुरुस्त करत नाही, थोडी थांबते.

मंगळवारी तो सुपरमार्केटमधून आला. पिशवीत दूध, कोथिंबीर आणि पाण्याची एक सुटी बाटली होती. दूध त्याने फ्रिजमध्ये ठेवलं. बाटली घेऊन तो जिना चढला. चौदा, मग अकरा. मी विळी बाजूला ठेवून जिन्याखाली उभी राहिले. वर कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला, मग प्लास्टिकचा, मग दार लागलं. तो खाली आला.

"एक कमी होती," तो म्हणाला.

वहीत अजून अठराच आहे.